टालीवरची कुऱ्हाड आणि जड चाकाचे यंत्र

काचीगुड्याचा इतिहास म्हटला की आपण स्टेशनपाशी जाऊन थांबतो. १९१६ साली, मीर उस्मान अली खान यांच्या काळात उभी राहिलेली घुमटांची ती इमारत आहेच तशी देखणी. मनमाडच्या मीटरगेज मार्गाने नांदेड, परभणी, जालन्याकडची कितीतरी मराठी माणसे इथे उतरली. आमचे आजोबा त्यांतलेच. पण उतरून बिऱ्हाड थाटायचे तर सरपण हवेच. म्हणून हे टिपण स्टेशनचे नाही, लाकडाच्या टालीचे आहे.

आपण वखार म्हणतो, हैदराबादेत टाल. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक होती. भलामोठा तराजू, एका पारड्यात वजने, दुसऱ्यात ओंडके. ओले लाकूड जास्त भरते, यावरून रोज एक तरी भांडण ठरलेले. तोललेला माल हातगाडीवरून घरी येई आणि मागोमाग फोडणारा येई. चुलीला जाडसर फाळके, बंबाला बारीक ढलप्या. तो आधी ओंडका फिरवून टोकावरची चीर शोधायचा आणि नेमकी तिच्यातच कुऱ्हाड घालायचा. गाठ आडवी आली की लोखंडी पाचर, वर घण. आजीने घाई केली की म्हणे, "गाँठ है अम्मा, जल्दी नक्को करो."

हा व्यवहार किरकोळ नव्हता. मंझूर आलम आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या सरपण-बाजारावर अख्खे पुस्तक लिहिले, ते १९८५ साली आले. पुढे गॅस मध्यमवर्गात पसरला. १९९९च्या 'दीपम' योजनेने आंध्रातल्या गरीब घरांतही जोडण्या गेल्या. बंब माळ्यावर गेले. आमच्या गल्लीतली टालही उठली.

लाकूड मात्र संपले नाही. लग्नाच्या देगांखाली आणि स्मशानात ते लागतेच. मध्यंतरी शहराबाहेरच्या एका वखारीत मी ते फोडण्याचे यंत्र पाहिले. लहानशी मोटर, पट्टा आणि एक जाडजूड लोखंडी चाक. मिस्त्री त्याला फ्लायव्हील म्हणतो. मोटर चाकाला वेग देत राहते. ओंडका पुढे ठेवला की पाचर येते आणि चाकात साठलेला जोर क्षणात त्यावर उतरतो. चाक जरा मंदावते, पाचर मागे जाते, तेवढ्यात मोटर पुन्हा वेग भरते. वेग दुप्पट झाला तर साठा चौपट होतो, म्हणून एवढीशी मोटर पुरते. धोकाही तिथेच: बटण बंद केले तरी चाक लगेच थांबत नाही.

बघताना लक्षात आले, आमचा फोडणारा हेच करायचा. कुऱ्हाड सावकाश डोक्यावर न्यायची आणि सगळा जोर एका घावात सोडायचा. यंत्राने त्याचे खांदे वाचवले. नजर मात्र अजून माणसाचीच. त्या वखारीतला पोरगाही गाठ बघूनच ओंडका फिरवून लावत होता.

घरी येऊन आजोबांची हिशेबाची वही काढली. दूधवाल्याचे नाव आहे, परटाचे आहे, टालवाल्याचेही आहे. फोडणाऱ्यापुढे फक्त "फोडणावळ" आणि रक्कम. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी आमच्या अंगणात राबलेला माणूस, आणि आम्ही त्याचे नाव कधी विचारले नाही. आजी असती तर तिलाही सांगता आले नसते.

मंडळाच्या वाचकांना एवढीच विनंती. घरात जुन्या वह्या असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. टालीचा पत्ता, फोडणावळीचा दर, आणि नशिबाने एखादे नाव सापडले तर आम्हाला कळवा. स्टेशन कोणी बांधले ते दप्तरात आहे. त्याच्या आसपासच्या चुली कोणी पेटत्या ठेवल्या, ते आपल्याच माळ्यावर शोधावे लागेल.