न्यायाधीशांची ज्येष्ठता डावलणे (भारत)

भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशास वगळून त्याच्याहून कनिष्ठ न्यायाधीशाची सरन्यायाधीशपदी नेमणूक करणे, यास न्यायाधीशांची ज्येष्ठता डावलणे असे म्हणतात. १९७३ आणि १९७७ मधील अशा दोन नेमणुका न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात निर्णायक मानल्या जातात. अनुभवी न्यायाधीशाचे स्वातंत्र्य पदाच्या सुरक्षिततेइतकेच पदोन्नतीच्या निश्चिततेवरही अवलंबून असते, हे या प्रसंगांनी दाखवून दिले.

घटनात्मक तरतुदी व संकेत

सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत पदावर राहतो. सिद्ध झालेली गैरवर्तणूक किंवा असमर्थता याच कारणांवरून त्यास दूर करता येते. त्यासाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन-तृतीयांश बहुमत लागते (अनुच्छेद १२४). पदच्युतीचा प्रस्ताव वगळता त्याच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर संसदेत चर्चा करता येत नाही (अनुच्छेद १२१).

मात्र ज्येष्ठतम न्यायाधीशानेच सरन्यायाधीश व्हावे, असे राज्यघटनेत लिहिलेले नाही. तो केवळ संकेत आहे. १९६४ मध्ये सय्यद जाफर इमाम यांच्या आजारपणामुळे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांची नेमणूक झाली. त्या अपवादामागे प्रकृतीचे कारण असल्याने मोठा वाद उद्भवला नाही. तत्पूर्वी, १९५८ मध्ये, मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने या पदासाठी केवळ ज्येष्ठता हा निकष पुरेसा नाही, असे मत नोंदवले होते.

१९७३ ची नेमणूक

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ मतांनी, संसदेस राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, असा निर्णय दिला. सरन्यायाधीश सर्व मित्र सिक्री लगेचच निवृत्त झाले. त्यांच्या जागी ज. म. शेलत, के. एस. हेगडे आणि ए. एन. ग्रोव्हर या तिघांना डावलून अजितनाथ राय यांना नेमण्यात आले. हे तिघेही बहुमताच्या बाजूचे, तर राय अल्पमतातील न्यायाधीश होते. तिघांनी राजीनामे दिले.

सरकारच्या वतीने मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत या नेमणुकीचे समर्थन केले. विधी आयोगाच्या मताचा आधार घेतानाच, न्यायाधीशाची सामाजिक विचारसरणीही विचारात घेतली पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी केले. मो. क. छागला, नानी पालखीवाला आदी विधिज्ञांनी यावर कठोर टीका केली. निकाल सरकारला रुचतो की नाही यावर बढती ठरू लागल्यास न्यायाधीश निर्भय राहणार नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

आणीबाणी आणि १९७७ ची नेमणूक

आणीबाणीच्या काळात उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या त्यांची संमती न घेता बदल्या करण्यात आल्या. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी निर्णय दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध व्यक्तीस बंदी प्रत्यक्षीकरणाची दाद मागता येणार नाही. हंसराज खन्ना हे एकटे या निर्णयाशी असहमत होते. कायद्याच्या आधाराविना कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्यसंस्थेस नाही, असे मत त्यांनी मांडले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठतेनुसार त्यांचा क्रम असताना मिर्झा हमीदुल्ला बेग सरन्यायाधीश झाले. खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या दालनात त्यांचे चित्र त्यांच्या हयातीतच लावण्यात आले.

संकेताची पुनःस्थापना

फेब्रुवारी १९७८ मध्ये ज्येष्ठतेनुसार यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा क्रम होता. जबलपूर खटल्यात ते बहुमताच्या बाजूने असल्याने त्यांच्या नेमणुकीस काही विधिज्ञांचा विरोध होता; तरीही जनता पक्षाच्या सरकारने ज्येष्ठताक्रम पाळला. त्याच चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ४२ व्या घटनादुरुस्तीतील दोन कलमे रद्द करून मूलभूत चौकटीचे तत्त्व दृढ केले. अप्रिय निकालाची शिक्षा म्हणून क्रम मोडायचा नाही, हा नियम अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या न्यायाधीशांना लागू झाला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठतेच्या संकेतास निकालाद्वारे मान्यता दिली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जबलपूर निकाल रद्दबातल ठरवण्यात आला. तसे निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत. १९७७ नंतर सरन्यायाधीशपदासाठी कोणाचीही ज्येष्ठता डावलली गेलेली नाही.

मूल्यमापन

ज्येष्ठताक्रमामुळे गुणवत्तेस वाव मिळत नाही आणि कार्यकाळ अल्प राहतो, असा आक्षेप घेतला जातो. १९९१ मध्ये कमल नारायण सिंह हे तीन आठवड्यांहूनही कमी काळ सरन्यायाधीश होते. समर्थकांच्या मते ही त्रुटी मान्य करूनही कृपेला वाव न ठेवणारा नियम अधिक सुरक्षित ठरतो. निवृत्तीनंतर सरकारकडून मिळणाऱ्या पदांना मात्र असे संरक्षण नसल्याने त्यांविषयीची चर्चा अद्याप चालू आहे.

हेही पाहा

केशवानंद भारती खटला
आणीबाणी (भारत)
हंसराज खन्ना