उपवास आणि विवेक

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, जन्म इ. स. १२७० चा. याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या देवळांत त्यांना विसोबा खेचर हे गुरु भेटले, अशी आख्यायिका आहे. शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनीं हटकलें, तेव्हां जेथें देव नाहीं तेथें पाय उचलून ठेव, असें ते म्हणाले. आणि तशी जागा कोठेंच सांपडेना! आख्यायिकेचें मर्म उघड आहे. नियम पाठ असणें निराळें, त्याचा अर्थ उकलणें निराळें.

हा भेद आपल्या ताटांतही कसोटीस लागतो. उपवास म्हणजे मूळ अर्थानें जवळ राहणें. आहार आवरून चित्त ईश्वराजवळ ठेवावें, हा हेतु. परंतु आपल्या फराळांतील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कसावा, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील. कोलंबस तिकडे पोंचला १४९२ सालीं. म्हणजे नामदेवांना हे पदार्थ ठाऊक असणें शक्य नव्हतें. तरीही भाताच्या एका शितानें उपवास मोडतो, आणि खिचडीनें तुडुंब पोट भरलें तरी तो शाबूत राहतो! 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनीं उगीच रचली नाहीं.

हा केवळ विनोदाचा विषय मात्र नव्हे. १९४४-४५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत अॅन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेवलें. बुद्धीच्या चाचण्यांत त्यांची म्हणण्यासारखी पीछेहाट झाली नाहीं; परंतु मन अन्नावांचून दुसऱ्या विषयांत रमेना. कित्येक जण पाकशास्त्राचीं पुस्तकें चाळीत बसत. पुढें भरपूर अन्न मिळूं लागल्यावरही कित्येकांची तृप्ति होईना. बुद्धि शाबूत, पण भुकेची बंदी, अशी ती अवस्था होती.

एक लाडू खाल्ला म्हणजे नेम मोडलाच, मग डबाच रिता करावा, हा विचार आपल्या घरांतही ऐकूं येतो. सारें किंवा कांहींच नाहीं, याखेरीज तिसरी वाट त्याला दिसत नाहीं. उलटपक्षीं, बारीक होण्यासाठीं जेवण टाकणाऱ्या मुलीच्या उपासांचें आपण कौतुक करितों आणि तिचा सुकलेला चेहरा पाहत नाहीं. अति खाणारा व मुळींच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाहीं, असें गीतेचा सहावा अध्याय सांगतो. तेव्हां ताटावरून उठणाऱ्या त्या मुलीला, हा उपवास कोणाच्या जवळ जाण्यासाठीं, एवढें तरी मायेनें विचारावें.