आठ इंची काढा, दहा इंची टाका

अकोल्यात होम थिएटरचा फाटलेला सबवूफर घेऊन दुकानात गेलात की पहिला सल्ला जवळपास ठरलेला : "आठ इंची काढा अन् दहा इंची टाका ना भाऊ, घर हालते पाय!" अमरावतीला गेलात तरी सल्ला तोच. बोलणं इंच, ओहम आणि वॅटच्या पुढे जात नाही. ओहम ॲम्प्लिफायरसाठी बघावेच लागतात, पण या तिन्ही आकड्यांवरून तो वूफर तुमच्या खोक्यात किती खाली वाजेल हे कळत नाही.

जगालाही हे कळायला वेळच लागला. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा, कॉइलने हलणाऱ्या कोनचा स्पीकर मांडला. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं खोल बेस म्हणजे कपाटाएवढा खोका असंच समीकरण होतं. १९५४ मध्ये एडगर विल्चर या अमेरिकन माणसाने ते मोडलं. त्याने वूफरची कड मुद्दाम सैल ठेवली आणि छोटा खोका हवाबंद केला. कोन आत गेला की कोंडलेली हवा त्याला बाहेर ढकलणार. स्प्रिंगचं काम हवेकडे! ए.आर.-१ हा त्याचा स्पीकर शेल्फवर मावायचा.

फुकट मात्र काहीच नाही. के.एल.एच. कंपनीतला 'एच' म्हणजे हॉफमन. त्याच्या नावाने एक नियम सांगतात : छोटा खोका, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी मिळतील. पटत नसेल तर तुकडोजी महाराजांच्या हातात असायची तशी खंजिरी आणि तबल्याचा डग्गा शेजारी ठेवून बघा. खंजिरीचं ताणलेलं कातडं खणखणीत वाजतं. डग्ग्याच्या पुडीवर शाईचं वजन असतं, म्हणून भांडं लहान असूनही स्वर खाली जातो. (या शाईच्या गणितावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहिलंय!) वूफरचंही तसंच. कोन जड केला की आवाज खाली जातो, पण ढकलायला ताकद जास्त लागते.

हे सगळं गणितात बसवलं ते ऑस्ट्रेलियात. १९६१ मध्ये नेव्हिल थील आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल. त्यांचे एफ-एस, क्यू-टी-एस, व्ही-ए-एस हे आकडे हातात असले की सुतारकाम सुरू करायच्या आधीच आवाजाचा अंदाज येतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर वूफर हा सुटा मॉड्यूल नाहीच, खोका हा त्याच्याच कोडचा अर्धा भाग आहे.

म्हणून बदली वूफर शोधताना आधी खोका मोजा. आतून १४ इंच लांब, रुंद आणि उंच असेल तर साधारण ४५ लिटर. भोक (पोर्ट) आहे की हवाबंद, तेही बघा. क्यू-टी-एस ०.४ च्या खाली असेल तर वूफर सहसा भोकवाल्या खोक्याला चालतो, ०.४ ते ०.७ असेल तर हवाबंदला. वरातीच्या डीजेचा वूफर कितीही भारी दिसला तरी घरी आणू नका. तो मोठ्या आवाजासाठी बनवलेला, कड टणक. छोट्या बंद खोक्यात त्याचा रेझोनन्स आणखी वर चढतो आणि खोल बेसऐवजी नुसतं एकसुरी ढुब-ढुब उरतं. भोक कापून दहा इंची बसवलात तर मूळ मापाचा वूफर परत लावायची सोयही गेली.

आणि मुळात नवा घ्यायलाच हवा का? मल्टिमीटर लावा. आठ ओहमची कॉइल साधारण सहाच्या आसपास दाखवते. तेवढं दिसलं, आणि कोन हाताने हलक्याने दाबल्यावर घासल्याचा आवाज आला नाही, तर बहुतेक वेळा गेलेली असते ती फक्त कडेची फोमची रिंग. त्याच मापाची, तितकीच मऊ रिंग चिकटवणारा कारागीर शोधा. वूफरही जुनाच राहतो आणि खोकाही.