‘पांच’ आणि पुण्यातले ते दहा खून

अनुराग कश्यपचा पहिला सिनेमा ‘पांच’. या शतकाच्या सुरुवातीला बनला, सेन्सॉर बोर्डात अडकला (हिंसा, ड्रग्ज, शिव्या वगैरे), काटछाट करून सुटला, तरी पुढची वीसेक वर्षे थिएटरात लागलाच नाही. आमच्या रत्नागिरीत तो हातोहाती फिरणाऱ्या सीडीवरच पोचला. चित्र भुरकट, आवाज फाटका. तरीही रात्री झोप उडाली.

पाच जणांचा रॉक बँड. पैशांसाठी ओळखीच्याच एका श्रीमंत मुलाच्या अपहरणाचे नाटक ठरते, ल्यूकचे डोके फिरते, आणि नाटकाचा खून होतो. पुढे खुनांची रांगच. के के मेननचा ल्यूक बघावा! खोलीतला रंगीत उजेड, विशाल भारद्वाजचे संगीत... एखाद्याला ताप चढावा तसा सिनेमा चढत जातो. शेवट सांगत नाही.

याचे मूळ मात्र अस्सल पुणेरी आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, म्हणजे जवळजवळ पूर्ण आणीबाणीच्या काळात, राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांनी दहा माणसे मारली. सगळे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिला बळी प्रकाश हेगडे, त्यांच्याच ओळखीतला. मग ऑक्टोबरात जोशी कुटुंबातले तिघे. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकरांच्या घरी पाच जण. शेवटी अनिल गोखले. माझी आत्या तेव्हा सदाशिव पेठेत राहायची. ती सांगते, सहा वाजले की दाराला कडी, आणि बेल वाजली तर आधी खिडकीतून बघायचे.

अमेरिकेत ग्रेग अराकीने १९९५ मध्ये ‘द डूम जनरेशन’ केला. तिघे भरकटलेले तरुण मोटारीतून पळत सुटतात, वाटेत मुडदे पडतात, आणि दुकानात काहीही घ्या, बिल ६.६६ डॉलरच! मजेदार आणि भयंकर. पण ती मुले निदान पळतात तरी. पुण्यातली पोरे कुठेच पळत नव्हती. कॉलेज टिळक रोडला, जक्कलची शेड कर्वे रोडला. सायकलवर होईल एवढाच त्यांचा रस्ता. मला जास्त भीती याचीच वाटते.

राजदत्तांनी याच प्रकरणावर १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ केला, त्यात नाना पाटेकर होता. चांगलाच आहे. पण नावातच साक्षीदार आणि माफी आहे, म्हणजे कोर्ट आले, निकाल आला, प्रेक्षक सुटला. ‘पांच’मध्येही मुर्गी पोलिसांपुढे बसून सगळे सांगतो, पण त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपले आपण ठरवायचे. धड चांगला माणूस एकही नाही, आणि पोरे अशी का झाली याचे फुकटचे कारणही कश्यप देत नाही. गरिबी नाही, सूड नाही. म्हणूनच तो मला जास्त खरा वाटतो.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. त्याआधी तुरुंगात मुनव्वर शहाने आत्मकथन लिहिले. आत्याकडे त्याची प्रत होती. तिने ती आम्हा मुलांच्या हाती कधी लागू दिली नाही.