ढिगाऱ्यातून सुटका झाली, मग माणूस दगावला का?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण लढाया आणि तहांचा नाही. तो आहे मूत्रपिंडांचा, म्हणजे आपल्या किडन्यांचा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण एखादी यंत्रणा नेमकी कुठे कोलमडते हे शोधण्यातच माझा दिवस जातो, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

साल १९४०. सप्टेंबरपासून लंडनवर जर्मन बॉम्बहल्ले सुरू झाले होते. पडलेल्या घरांखालून लोकांना बाहेर काढलं जात होतं. त्यातले काही जण अगदी शुद्धीवर असायचे, बोलायचे. तासन्‌तास पाय तुळईखाली दबलेला, बाकी ठीक. वाटायचं, वाचला बिचारा! पण काही तासांत पाय टम्म सुजायचा, रक्तदाब घसरायचा, लघवी कमी आणि गडद तपकिरी व्हायची. आणि आठवड्याभरात माणूस जायचा.

हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी मार्च १९४१ मध्ये असे चार रुग्ण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. चारही दगावले होते. १९०८ च्या मेसिना भूकंपात आणि पहिल्या महायुद्धातही असे रुग्ण दिसले होते, पण त्या नोंदी मागे पडल्या होत्या.

आता बघा, होतं काय. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत घेतात. लघवी होते फक्त दीड लिटरच्या आसपास. तिसरं काम पोटॅशियमचं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात ते थोडंसंच हवं. फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. जास्तीचं बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं.

पाय दबलेला असतो तोवर चेंगरलेल्या स्नायूंतला माल बराचसा तिथेच अडकून असतो. वजन उचललं की रक्त परत वाहू लागतं आणि पोटॅशियम थेट रक्तात येतं. सोबत मायोग्लोबिन येतं, लघवीला तपकिरी करणारं, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवणारं. उलट रक्तातलं पाणी सुजलेल्या पायात शिरतं. रक्त कमी पडलं की शरीर मेंदू आणि हृदय वाचवायला मूत्रपिंडांचा पुरवठा आखडतं. म्हणजे पोटॅशियम सगळ्यात जास्त असतं, नेमकी तेव्हाच ते काढणारी यंत्रणा बंद! सुटकेचा क्षणच धोक्याचा ठरतो.

हे कळल्यावर उपायाची दिशाही कळली: पाणी, आणि तेही लवकर. आज शक्य असेल तिथे ढिगारा उचलण्याआधीच शिरेतून सलाईन सुरू करतात. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपात डायलिसिसची यंत्रं कमी पडली. त्यानंतर जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आपत्तीत धावून जाणारं पथकच उभारलं. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या मारमारा भूकंपात अशा ६३९ जणांची नोंद झाली, ४७७ जणांना डायलिसिस लागलं, आणि एकूण ८५ टक्के जण जगले.

आपल्याकडेही दरडी कोसळतात, इमारती पडतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा. सोडवायला उशीर करू नका, पण हात-पाय किती तास दबला होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि बाहेर काढल्यावर मायेने शहाळं किंवा केळं देऊ नका, दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. माणूस बोलतोय, चालतोय, तरी त्याला रुग्णालयात न्याच. लंडनचे ते रुग्णही बोलत होते.

भेटू पुढच्या भागात!