माळावरचा नेम



इसवी सन २०१७ साली माझी वारी चुकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. लेकीचे बाळंतपण होते, म्हणून आम्ही उभयता अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात गेलो होतो. जूनचा शेवटचा आठवडा. माउलींचा सोहळा पुणे मागे टाकून नीरेच्या आसपास पोहोचला असेल, आणि मी परमुलखात खिडकीशी बसलेला. टाळ सोबत नेले होते, पण बाळ झोपलेले, वाजवायचे कसे? माझा उतरलेला चेहरा पाहून जावईबापू म्हणाले, "बाबा, चला. तुमच्या तळासारखे काहीतरी दाखवतो."

गावाबाहेर एक मोठे कुरण होते. तिथे वीस-पंचवीस माणसे जमलेली. तीन राहुट्या, एका बाजूला जनरेटर, उन्हात तोंड करून ठेवलेले सौरऊर्जेचे पत्रे, आणि माझ्या वयाचा एक गृहस्थ बेचकीने झाडावर नेम धरून उभा. मला वाटले, पाखरे मारतो की काय! तसे नव्हते. बेचकीच्या गोट्याला बारीक दोरी बांधलेली होती. गोटा उंच फांदीवरून पलीकडे पडला, मग त्या दोरीने जाड दोरी ओढली आणि तिने तांब्याची तार. दोन झाडांच्या मध्ये सुमारे २० मीटर लांबीची ती तार ताणून बसवली. वीणेची तार लावताना खुंटी पिळतात, तितक्याच जपून. ही त्यांची एरियल. खाली मेजावर पेटीएवढे यंत्र, शेजारी मोटारीची बॅटरी. दुपारचे दोन वाजले आणि तिन्ही राहुट्यांतून एकदम पुकारा सुरू झाला.

ही मंडळी हौशी रेडिओवाली. लोक त्यांना हॅम म्हणतात. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. यांचे तसे नाही, हे बोलतातही आणि ऐकतातही. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, त्यासोबत प्रत्येकाला एक खुणेचे नाव मिळते. आपल्या देशातल्या परवानाधारकांची नावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत. वातावरणाच्या फार वरच्या थरावर आपटून लहरी परत भूमीवर येतात, त्यामुळे हजारो कोसांवरच्या माणसाशी बोलता येते, मध्ये ना तार, ना मनोरा, ना कुठली कंपनी.

अमेरिकेतल्या या लोकांची संघटना १९१४ सालची, हायरम पर्सी मॅक्सिम यांनी उभी केलेली. १९३३ साली संघटनेचे एक अधिकारी एफ. ई. हँडी यांच्या मनात आले की घरात बसून, भिंतीतली वीज वापरून कोणीही बोलेल. पूर आला, वादळ झाले, वीज गेली तर काय? म्हणून त्यांनी नेम घालून दिला. वर्षातून एकदा जूनमध्ये सगळे साहित्य घेऊन रानात जायचे, तिथेच केंद्र उभारायचे, आपली वीज आपण आणायची आणि अखंड बोलत राहायचे. त्याला 'फील्ड डे' म्हणतात. आता तो जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी असतो आणि अमेरिका व कॅनडा मिळून तीस हजारांवर माणसे त्यात भाग घेतात. मांडणी आधी करून ठेवली असेल तर पुकाऱ्याला चोवीस तास मिळतात. जून म्हणजे आपला ज्येष्ठ-आषाढ. योगायोग पाहा, आपल्या पालख्या जेव्हा तळावर राहुट्या ठोकत असतात, बहुधा त्याच सुमारास तिकडे यांच्या राहुट्या पडतात.

मी एका राहुटीत जाऊन बसलो. आतला माणूस सारखे एकच म्हणत होता, 'सीक्यू फील्ड डे.' सीक्यू म्हणजे, कोणीही असा, ऐकत असाल तर बोला. कोणी उत्तर दिले की तो सांगे, 'थ्री अल्फा, कनेक्टिकट'. म्हणजे आमची तीन यंत्रे एकाच वेळी चालू, क्लबची मांडणी, मुक्काम अमुक. पलीकडचाही तेवढेच सांगे. वहीत नोंद, की पुढचा. ना ख्याली-खुशाली, ना लांबण. कीर्तनकाराला हे फार कठीण! शेजारच्या राहुटीत मोर्स, म्हणजे कट्ट-कडकट्टची लिपी चालली होती. तिथला म्हातारा डोळे मिटून ऐकत होता आणि निरोप घेताना सात-तीन, त्र्याहत्तर हा आकडा वाजवत होता. त्र्याहत्तर म्हणजे त्यांचा नमस्कार, आपल्या रामकृष्णहरीसारखा.

बोलण्याला एक गुण, मोर्सला दोन. थोड्या शक्तीवर, नुसत्या बॅटरीवर काम केले तर गुण कितीतरी पटींनी वाढतात. ही स्पर्धा नव्हे असे ते आवर्जून सांगतात आणि गुण मात्र बारकाईने मोजतात. मला हसू आले. दिंडीच्या क्रमांकावरून आपल्याकडे काय होते ते आपण जाणतोच.

मी जावयांमार्फत त्या बेचकीवाल्याला विचारले, "हे उद्या दुपारी मोडणारच ना? मग एवढे मांडता कशाला?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मोडायचे आहे म्हणूनच. पुन्हा मांडता आले पाहिजे." मी गप्प झालो. असलाच प्रश्न मला पुण्यात एका शिकलेल्या गृहस्थाने केला होता, की पंढरपूरला गाडी जाते, मग चालता कशाला? तेव्हा मी बरेच लांबलचक उत्तर दिले होते.

त्या मांडण्या-मोडण्याचा उपयोग कधी होतो ते ऐका. १९३६ साली अमेरिकेच्या ईशान्येकडे महापूर आले, ताराखांब गेले, तेव्हा गावोगावचे निरोप या हौशी लोकांनी पोहोचवले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते आणि किल्लारी ढासळली. तिथेही हौशी रेडिओवाले यंत्रे घेऊन गेले होते. आणि २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद या बाई सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला तात्पुरते केंद्र मांडून जगभर बोलत होत्या, केवळ हौसेखातर. २६ तारखेला समुद्र आत आला. त्याच केंद्रावरून मग बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या घरच्यांना कळू लागली. हौसेची वही ती, तिच्यात जिवंत माणसांची नावे भरली.

नेम मोडलाही आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने या लोकांची तोंडे बंद केली, आणि १९४२ ते १९४५ फील्ड डे झाला नाही. हिंदुस्थानात तर १९३९ सालीच यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम निघाले होते. (उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ साली मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो याच बंदीच्या दिवसांत.) मग आले २०२०. आषाढी १ जुलैला. पादुका आदल्या दिवशी एसटीने पंढरीला गेल्या आणि तुम्ही-आम्ही दारात उभे राहून हात जोडले. मला त्या दिवसांत बेचकीवाला आठवला. जावयांना फोन करून विचारले, यंदा त्यांचे काय? ते म्हणाले, कुरणावर जमता येत नाही, म्हणून नियम सैल केले. ज्याने त्याने आपापल्या घरून पुकारायचे, आणि क्लबातल्या सगळ्यांचे गुण एकत्र मोजायचे. त्या वर्षी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त नोंदी आल्या म्हणे. मी फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी वीणा खाली काढली.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या जवळची. बंगालात गंगा समुद्राला मिळते तिथे सागर बेट आहे. मकरसंक्रांतीला कपिल मुनींच्या देवळापाशी लाखोंची यात्रा भरते. मुरीगंगा नावेने ओलांडायची, जानेवारीतले धुके पडले की नावा खोळंबतात, आणि त्या गर्दीत माणसे हरवतात. पश्चिम बंगालच्या हौशी रेडिओवाल्यांचा क्लब त्या जत्रेत आपली तात्पुरती केंद्रे मांडतो. हरवलेल्यांना घरी पोहोचवणे हे त्यांचे मोठे काम होऊन बसले आहे. हरवलेली म्हातारी कुठल्या दूरच्या प्रांतातली, बंगाली येत नाही, जिल्हा ठाऊक नाही, गावाचे नाव अर्धे. हे लोक रेडिओवरून दुसऱ्या प्रांतातल्या आपल्या हौशी भावंडांना पुकारतात, ते आपल्या भागात चौकशी करतात. काहींचा पत्ता त्याच दिवशी लागतो, काहींचा फार काळाने.

मला हे वाचताना माझी थोरली आत्या दिसली. १९७४च्या आषाढीला, दशमीच्या दिवशी, ती वाळवंटात आमच्या हातातून सुटली. आम्ही कर्ण्यावरून पुकारा करवला. तीही कुठल्या तरी चौकीत बसलेली होती, असे मागाहून कळले. तिथे तिला विचारले, गाव? ती म्हणाली, वडगाव. आता महाराष्ट्रात वडगावे किती, तुम्हीच सांगा. नवऱ्याचे नाव विचारले. ती पदर तोंडाशी घेऊन गप्प. जन्मात कधी घेतले नव्हते ते नाव ती शिपायापुढे घेईल होय? आडनावही त्यातच अडले. शेवटी त्यांनी लिहिले, 'वडगावची एक बाई', आणि तसेच पुकारले. आम्ही तो पुकारा ऐकला होता. ऐकून पुढे गेलो होतो.

एकादशी गेली, बारस गेली. माझ्या वडिलांच्या घशाखाली घास उतरेना. पौर्णिमेला गोपाळपुरात काल्याला गेलो, तर मराठवाड्यातल्या एका दिंडीच्या बायकांत आत्या बसलेली, मांडीवर लाह्यांचा पुडा. त्या माउल्यांनी तिला नाव-गाव काही न विचारता पाच दिवस जेवू घातले होते. वडील तिच्या पायाशी बसून रडू लागले. ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कुठं हरवला होतास रं एवढे दिवस?"