समुद्रातल्या पिकाचं बी उन्हाळ्यात कुठं जातं?

बियाण्यावर आपण इथं नेहमी बोलतो. आज समुद्रातल्या एका पिकाच्या बियाण्याची हकिगत सांगतो.

जपानात नोरी नावाचं शेवाळ खातात. कागदासारखं पातळ वाळवायचं आणि त्यात भात गुंडाळायचा. हे पीक आपल्या रब्बीसारखं. पाणी गार व्हायला लागलं की लागण, थंडीत तोडे. पहिला तोडा कोवळा, त्याला भाव जास्त. पाणी कोमट झालं की पीक संपलं.

तीनशे वर्षांपूर्वी टोकियोच्या खाडीतले कोळी उथळ पाण्यात बांबूच्या फांद्या रोवायचे. त्यावर शेवाळ आपोआप धरायचं. पुढं फांद्यांच्या जागी जाळी आली, पण बी कुठून येतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एखाद्या साली जाळी भरून जायची, एखाद्या साली नुसती कोरी. म्हणून नोरीला 'जुगाऱ्याचं गवत' म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पीक फारच बसलं. ज्यांची हिवाळ्याची मिळकत त्यावर, त्या घरांनी करायचं काय?

उत्तर सापडलं इंग्लंडात. कॅथलीन ड्रू-बेकर या बाई मँचेस्टर विद्यापीठात शिकवायच्या. 1928 साली लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण तिथं लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवत नव्हते. बाईंनी काम सोडलं नाही, बिनपगारी संशोधन चालू ठेवलं. वेल्सच्या किनाऱ्यावर नोरीचंच भावंड उगवतं, तिथले लोक ते शिजवून खातात. बाईंनी त्याचं बी शिंपल्यांवर वाढवून पाहिलं. ते शिंपल्याच्या आत शिरलं आणि तिथं लालसर धागे धरले. ते धागे लोकांना आधीपासून माहीत होते, पण ती वेगळीच वनस्पती आहे असं समजत होते. खरं तर नोरी उन्हाळा शिंपल्यात काढते आणि गारवा आला की बी सोडते. 1949 साली हे 'नेचर' मासिकात छापून आलं.

जपानात क्युशू विद्यापीठाच्या सेगावा यांनी तिथल्या नोरीवर हेच तपासलं. कुमामोतोच्या ओता यांनी कालवाच्या शिंपल्यांवर बी धरून ते जाळ्यांना लावायची रीत बसवली. म्हंजे रोपवाटिकाच झाली की! जुगार संपला, शेती सुरू झाली.

बाई 1957 साली वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिलं नाही. पण 1963 साली तिथल्या नोरीवाल्यांनी वर्गणी काढून उतो गावी त्यांचं स्मारक उभारलं. दरवर्षी 14 एप्रिलला तिथं जमतात, त्यांना 'समुद्राची आई' म्हणतात.

मंडळी, उभ्या पिकाकडं सगळेच बघतात. पण पीक रानात नसतं तेव्हा त्याचं बी कुठं आणि कसं असतं, हे ज्याला कळलं त्याचं पुढचं साल नशिबावर राहत नाही. आपल्या कणगीतल्या बियाण्यालाही हेच लागू आहे.